मागची कोरी बाजू

खोली नंबर सतरामधल्या कुणी कुठंही 'मजेत' म्हटलं की त्याच्या बाजूची भिंत बोटभर आत यायची. वसतिगृहात हे सगळ्यांना ठाऊक होतं. रेक्टर म्हणाले होते, "भिंत आहे ती, येणारच. कॉट सरकवा."

वैजनाथकडे कॉलेजच्या 'आनंदी तरुणाई' पाहणीचे फॉर्म होते. आशा, चिकाटी, झोप, असले चाळीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे तीन चौकोन: उत्तम, चांगलं, बरं. चौथा छापलाच नव्हता. छापणाऱ्याच्या तोंडावर फेकायच्या लायकीचा कागद. पण सगळे फॉर्म भरून आणणाऱ्याला प्रशस्तिपत्र मिळणार होतं आणि वैजनाथला ते हवं होतं.

शेवटचा फॉर्म खोलीतल्या जोडीदाराचा, दिगंबरचा.

"झोप कशीय, दिग्या?"

"मजेत."

भिंत आली. दिगंबरनं पाय पोटाशी घेतले.

"आणि पुढच्या आयुष्याबद्दल?"

"मजेत रे. लिही की."

"मेसचा डबा तर रोज तसाच परत जातोय तुझा."

"मग त्याचा चौकोन दाखव ना मला!"

वैजनाथनं कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. तिथं लिहिता आलं असतं. एवढंच करायचं होतं. त्यानं कागद सरळ केला आणि 'बरं'वर खूण केली.

चाळिसावा प्रश्न होता, 'हाक मारली तर कुणीतरी येईल असं वाटतं का?'

"तू येशील?" दिगंबरनं विचारलं.

"अरे शहाण्या, प्रश्न तुला आहे."

"मग मजेत."

भिंत कॉट ओलांडून पुढं आली. दिगंबर दिसेनासा झाला. चादरीचं टोक तेवढं बाहेर राहिलं.

प्रशस्तिपत्र मिळालं. वैजनाथनं ते त्याच भिंतीवर लावलं. खिळा ठोकताना आतून टकटक ऐकू आली, ती थांबेचना. कॉलेजात जो तो विचारायचा, "काय वैजू, कसं काय?" तो म्हणायचा, "मजेत." संध्याकाळी खोलीवर यावं, तर त्याच्या बाजूची भिंत तेवढी आत आलेली.

रविवारी सकाळी अकराला दिगंबरच्या मोबाइलवर त्याच्या आईचा फोन आला. मोबाइल जमिनीवरच पडून होता. वैजनाथला वाकता येईना, दोन्ही भिंती खांद्यांना टेकल्या होत्या. त्यानं तो पायानं वर सरकवून घेतला.

"दिगू?"

"काकू, मी वैजू."

"वैजू होय! बाळा, तू सोबत हायस म्हणून जिवाला घोर नाही बघ. कसा हाय आमचा दिगू?"

टकटक थांबली. भिंतीला आतून कुणीतरी कान लावला होता.

वैजनाथनं तोंड उघडलं. ओठ आपोआप मिटले, 'म' म्हणण्यापुरते.