खाली न टेकलेली वीणा

मित्रांनो, मंचरहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात, मारुतीच्या देवळात हल्ली खुंटीवर टांगलेली असते, ती जुनी वीणा मी. मिरजेच्या एका कारागिराने वाळलेल्या भोपळ्यापासून मला घडवले. चार तारा चढवून पहिल्यांदा बोट फिरवले, तेव्हा त्याने स्वतःच मला हात जोडले होते.

गावात आल्यापासून माझे एकच काम. वर्षातून एकदा सप्ताह बसतो. सात दिवस नाम अखंड चालते आणि तेवढा वेळ मी कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. दोन-दोन तासांचे पहारे. पहारेकऱ्याने उभे राहायचे, दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय मला सोडायचे नाही. वीणा जमिनीला टेकली की सप्ताह मोडला, असे इथे मानतात. काय माझे कौतुक! कीर्तनाला उभे राहण्याआधी बुवासुद्धा माझ्या पाया पडत.

माझा सगळ्यात जुना पहारेकरी सावळेराम. तीस वर्षे दुपारी चार ते सहा त्याचाच पहारा. एरवी मी त्याच्या घरीच असे. यंदा त्याला पोटाचा कॅन्सर निघाला. पुण्याहून केमो घेऊन आला की त्याची सून उज्ज्वला माझ्या खुंटीखाली बसून त्याला समजावी.

"मामा, या दुखण्यात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती आस्ती. तुमचा रक्तगट ए हाये. ओ गट सोडून बाकीच्यांना ती भीती जरा जास्तच, आसं डॉक्टर म्हणले. एक पाय सुजला, दम लागला, तर लगीच सांगायचं. लपवायचं नाय."

शेजारी त्याचा जोडीदार भिका बसलेला. तो हसला. "ए म्हंजी पहिला नंबर, राव! आमचा ओ. म्हंजी भोपळा!"

सप्ताहाच्या पाचव्या दिवशी सावळेराम डाव्या पायावर भार देत नव्हता. पहारा उरकून तो खांबाला टेकला. पोटरी सुजून तट्ट झालेली.

"लई ठणकतंय रं."

"दोन तास हुबं ऱ्हायल्यावर सुजणारच की. थांब, तेल चोळतो."

"उज्ज्वलाला सांगू नको. दवाखान्यात डांबून ठेवंल. दोनच पहारं ऱ्हायल्यात, भिका. पुढलं साल कुणी बघितलंय?"

भिकाने ती पोटरी चोळली. प्रेमाने चोळली हो! नव्या पहारेकऱ्याच्या गळ्यातून मी बघत होते. उज्ज्वलाचा शब्द न् शब्द मला आठवत होता. पण मी पडले वाद्य. नामाशिवाय दुसरे काही बोलायला मला कुणी शिकवलेच नाही.

सहाव्या दिवशी साडेपाच वाजता माझी दांडी त्याच्या छातीशी होती. श्वास आखूड होत चालला. काळीज ताल सोडून धावू लागले, त्याचे ठोके माझ्यात उतरत होते. ओरडावेसे वाटले. तारांतून नेहमीचाच सूर निघाला आणि लोक माना डोलवत राहिले.

मग तो गुडघ्यांवर आला. पडतानाही त्याने मला दोन्ही हातांनी वर धरले. "वीणा... वीणा घ्या."

चार माणसे धावली. चौघांचे आठही हात माझ्याकडे आले. मला झेलले, दुसऱ्याच्या गळ्यात घातले, नाम खंडले नाही. मग कुणीतरी खाली पाहिले.

गाडी मंचरला पोचली, सावळेराम पोचला नाही. पायातली गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकली, असे डॉक्टर म्हणाले. भिका आजही देवळात येतो आणि माझ्याकडे न बघता स्वतःचे तळहात बघत बसतो.

मित्रांनो, मला हात नाहीत, तुम्हाला आहेत. घरात कॅन्सरने आजारी कुणी असेल आणि त्याचा एक पाय सुजला, तर चोळत बसू नका. रक्तगट कोणताही असो, तडक दवाखाना गाठा. आणि मला गळ्यात घेऊन कधी कुणी कोसळला, तर आधी त्याला धरा. मला खुशाल जमिनीवर ठेवा. देव रागावणार नाही. अहो, वेलीवर होता तेव्हा माझा भोपळा मातीला टेकूनच तर वाढला!