ड्रायव्हर सापडला नाही

मित्रांनो, मी एक जुना वेबकॅम आहे आणि मला माइक नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दुकानात गिऱ्हाईक मला हातात घेई, खोक्यावरची ही ओळ वाची आणि परत फळीवर ठेवी. माझ्यामागून आलेले भाऊबंद भराभर खपले. मी दोन वर्षं धूळ खात पडलो होतो. एके दिवशी एका काकांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "हाच द्या. आम्हाला ऐकायचं नाही, बघायचंय."

काका एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले होते. काकूंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि त्यांच्या धाकट्या बहिणीलाही नाही. दोघी हातांनी बोलत. त्यांच्या बोलण्यात प्रत्येक माणसाला नावाऐवजी एक खूण असे. काकांची खूण होती दोन मुठींनी फिरवलेलं स्टिअरिंग. बहीण लेकाबरोबर दूर राहायला गेली आणि दोघींच्या गप्पाच बंद पडल्या. लिहून पाठवलेल्या चार ओळींत जीव रमत नव्हता. आता दुसऱ्या दिवशी बहिणीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि त्याआधी, मला आणलं त्याच संध्याकाळी पाच वाजता, ती तिकडे पडद्यासमोर बसणार होती.

काकांनी तीन वाजता खोकं फोडलं. माझ्या वायरच्या टोकाला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. पॅकिंग समजून त्यांनी ती ओढून टोपलीत टाकली आणि मला थेट संगणकाला जोडलं. पडद्यावर उमटलं, 'ड्रायव्हर सापडला नाही.' म्हणजे मला चालवणारा प्रोग्रॅम संगणकात नव्हता.

काकूंनी ते वाचलं. दोन मुठींनी स्टिअरिंग फिरवलं, 'नाही' म्हणून हात हलवला आणि शेजारच्या खुर्चीतल्या काकांकडे बघून हसत सुटल्या.

"अगं, मी इथंच बसलोय की," काका हातांनीही बोलले आणि तोंडानंही.

मग मात्र हसू आटलं. खोक्यातली सीडी घालून झाली, वायर पुढून काढून मागे लावून झाली, संगणक दोनदा बंद-चालू झाला. चित्र काळं ते काळंच. काका घामाघूम झाले. "आयुष्यात एक फेरी चुकवली नाही मी," ते पुटपुटले. साडेचार वाजले. खरं सांगतो, माझाही धीर सुटत चालला होता.

तेवढ्यात काकूंनी टोपलीतली चिठ्ठी काढून काकांच्या नाकासमोर धरली. 'आधी ड्रायव्हर बसवा, मग वायर लावा.' काकांनी कपाळावर हात मारला. "ड्रायव्हर बसायच्या आधीच गाडी काढली होती मी." त्यांनी माझी वायर काढली. संगणकातल्या उपकरणांच्या यादीत माझ्या नावापुढे पिवळी खूण आली होती, ती नोंदच पुसली. संगणक पुन्हा सुरू करून सीडी चालवली आणि सगळ्यात शेवटी वायर लावली. माझा हिरवा दिवा लागला.

काकांनी काकूंचा चेहरा अगदी मधोमध घेतला. काकूंनी मला मागे सरकवून माझी मान खाली केली, तेव्हा त्यांचे हात दिसू लागले. त्यांचं सगळं बोलणं तिथंच होतं. चित्र अडखळत जाई, म्हणून दोघी बहिणी सावकाश बोलल्या, चाळीस मिनिटं. मी एक बोटही निसटू दिलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. बरी झाल्यावर बहिणीनं मलाही खूण दिली. आधी स्टिअरिंग, मग डोळ्याखाली एक बोट. माइकवाल्या भाऊबंदांपैकी कुणाला असं नाव मिळालंय, सांगा बरं.

पुढे नऊ वर्षं दर रविवारी पाच वाजता मी कामावर हजर होतो. मागच्या वर्षी काका गेले. नंतर संगणक बिघडला आणि दुरुस्तीहून आतलं सगळं पुसून परत आला. रविवारी काकूंनी सवयीनं मला जोडलं. पडद्यावर तेच वाक्य आलं, 'ड्रायव्हर सापडला नाही.'

काकूंच्या मुठी वर आल्या, अर्धं स्टिअरिंग फिरलं आणि थांबलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. मला फार वाईट वाटलं.

मग त्यांनी माझं खोकं काढलं. सीडीच्या पाकिटावर काकांनी ती पिवळी चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. खाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'चुकलं तर वायर काढून पहिल्यापासून करायचं. घाबरायचं नाही. ड्रायव्हर इथंच आहे.'

काकूंनी एकटीनं सगळं केलं. पाच वाजायला दोन मिनिटं असताना माझा दिवा लागला.

मित्रांनो, वस्तू सांभाळाल तेव्हा तिच्यासोबतची चिठ्ठीही सांभाळा. आमचा ड्रायव्हर आम्हाला तिथं सापडला.