टाकीवरची लाल किटली आणि तिची सवत

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. तोटी मोडलेली, झाकण हरवलेली, पोटात वाळू भरलेली. माझ्याकडे चहा मागू नका. क्वीन्सलंडच्या पश्चिम भागात वर्न नावाच्या माणसाचे गुरांचे रान आहे. तिथल्या सर्वांत लांबच्या पाण्याच्या टाकीवर, बाहेरच्या अंगाला, मी तारेने लोंबकळते.

तरुणपणी मी गुरे हाकणाऱ्यांच्या जाळावर चहा उकळला आणि काळीठिक्कर झाले. एकदा माझ्यावर घोड्याचा पाय पडला आणि तोटी गेली. वर्नच्या वडिलांनी मला फेकले नाही. त्यांनी मला लाल रंग दिला, वाळूने भरले आणि इथे टांगले. माझ्या तारेच्या दुसऱ्या टोकाला, टाकीच्या आत, एक रिकामे पिंप पाण्यावर तरंगते. पाणी चढले की पिंप चढते आणि मी खाली येते. पाणी उतरले की मी वर जाते. जगाच्या उलटी माझी चाल! मी वर चढले की लोकांच्या तोंडचे पाणी पळते.

आमच्याकडची रीत अशी, की वाटेने जाणाऱ्याने शेजाऱ्याच्या टाकीवर नजर टाकल्याशिवाय पुढे जायचे नाही. त्यामुळे मला बघणारे पुष्कळ होते. पण वर्नची गोष्ट वेगळी. तो दिवसाआड येई, गाडीतूनच ओरडे, "काय गं म्हातारे, खालीच आहेस ना? शहाणी माझी!" मग तो टाकीच्या सावलीत बसून मटण घातलेला पाव खाई आणि गुरांच्या, गुडघ्याच्या, बायकोच्या तक्रारी मला सांगे. तो माझा होता.

आणि मग माझी सवत आली.

ट्रेंट नावाचा कारागीर तिला किनाऱ्यावरच्या शहरातून घेऊन आला. टाकीशेजारी त्याने लोखंडी खांब रोवला. खांबावर एक राखाडी पेटी बसवली. ती पेटी म्हणजे बिनतारी रेडिओ. टाकीतल्या पाण्याचा आकडा घरी पाठवायचा, एवढेच तिचे काम. तिला उन्हावर वीज करणारी चकचकीत पाटी दिली, आणि खांबाच्या टोकाला माशाच्या काट्यासारखी अँटेना.

"घर कुठल्या अंगाला?" ट्रेंटने विचारले.

"त्या टेकाडाच्या डावीकडे रोख," वर्न म्हणाला. "काड्या आडव्या नकोत का?"

"छे! घरावरच्या अँटेनाच्या काड्या उभ्या आहेत. इथे आडव्या ठेवल्या तर दोघींचं जमायचं नाही."

त्याने जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळली, पावसाचे पाणी पेटीत शिरू नये म्हणून केबलला खाली झोळ दिला. काय ते लाड! मला टांगताना कुंपणाची गंजकी तार वापरली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

एवढे सगळे करून केबल मात्र उघडीच सोडली. किनाऱ्यावरच्या माणसाला आमचे काकाकुवे कुठले ठाऊक! आणि वर्नचे लक्ष नव्हते. गाडीतल्या बोलायच्या रेडिओवर त्याची बायको नोरेल घरून ओरडत होती, "आला रे, आकडा आला! स्वयंपाकघरात उभी राहून टाकी दिसतेय मला!"

"मग ही किटली काढू का?" ट्रेंटने विचारले.

"राहू दे," वर्न म्हणाला. "ती काय खायला मागते?"

मित्रांनो, हे ऐकून फार लागले मला.

त्यानंतर वर्न यायचा बंद झाला. आकडा घरबसल्या मिळत होता, मग कशाला धूळ खायची? नव्याचे नऊ दिवस सरतील म्हणून मी वाट पाहिली. सरले नाहीत. त्या राखाडी मुकीला मी रोज शिव्याशाप दिले.

एका सकाळी काकाकुव्यांचा थवा खांबावर उतरला आणि त्यांनी केबल ऊस सोलावा तशी सोलून काढली. खोटे कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. बरी जिरली! आता येईल वर्न धावत.

पण वर्न आला नाही. त्याच आठवड्यात टाकीत पाणी चढवणारा बोअरचा पंप बंद पडला. गुरे पाणी पीत होती, टाकीत नवे पाणी येत नव्हते. मी वर चढू लागले. एरवी मी इतकी चढले असते तर अर्धा तालुका धावला असता; पण त्या दिवसांत वाटेला कुणी फिरकलेच नाही. शेवटी टाकीच्या कठड्याला टेकले. खाली गुरांचे पाणी पिण्याचे कुंड कोरडे पडले. गाई कोरडे सिमेंट चाटत हंबरत होत्या. एक वासरू बसले ते उठलेच नाही. माझा हेवा जागच्या जागी थिजला. मला ओरडायचे होते, पण लाल असण्यापलीकडे माझ्याकडे काही नव्हते.

टपालाची गाडी चालवणारी ग्लेनिस त्या वाटेने आली. तिने रीतीप्रमाणे नजर टाकली आणि गाडी थांबवून रेडिओ उचलला.

"वर्न, झोपलायस का रे? तुझी किटली आभाळाला लागलीय!"

"काहीतरीच काय! इथे टाकी भरलेली दिसतेय."

"मग घाल तुझ्या गुरांना आकडा प्यायला! मी डोळ्यांनी बघतेय, बाबा. पाणी घेऊन ये!"

वर्न आणि नोरेल पाण्याचा टँकर घेऊन आले. वर्न आधी मेलेल्या वासरापाशी गेला. मग म्हणाला, "आकडा हलत नव्हता, तर मला वाटलं तिकडे कुठे सर येऊन गेली असेल, डबकी भरली असतील, गुरं तिकडंच पीत असतील."

"आणि मी म्हटलं होतं, एकदा जाऊन ये," नोरेल म्हणाली. "केबल तुटली की घरच्या पडद्यावर शेवटचाच आकडा राहतो. आता दिवसाआड यायचं. गुडघा दुखो नाहीतर डोकं."

ट्रेंटने येऊन केबल लोखंडी नळीत घातली. पंप सुरू झाला. मी खाली आले. वर्न पुन्हा येऊ लागला.

पण मित्रांनो, आला की तो आधी तिच्याकडे जातो. तिच्या पाटीवरची पाखरांची घाण पुसतो, नळी चाचपतो, अँटेना वाऱ्याने फिरली तर नाही ना, पाहतो. मला फक्त लांबून बघतो आणि मान हलवतो. तेवढ्यावर समाधान मानावे, असे शहाणे लोक म्हणतील. मी मानत नाही. माझा रंग उडाला आहे, तार झिजली आहे.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. ज्याच्यावर कुणाचा जीव टांगलेला आहे, त्याची खुशाली घरबसल्या समजत असली, तरी उठा, जा आणि त्याला हात लावून बघा. नव्याला लावा, जुन्यालाही लावा. माणसाला हात दोन असतात. वर्नला एवढे कुणीतरी सांगा.