मधला दांडा

सकाळचा नमाज झाला की मी तंदूर पेटवते आणि 'बिस्मिल्ला' म्हणून पहिली रोटी आत थापते. त्या रोट्या सासरे जन्मभर सायकलवरून आमच्या कोकंद शहरातल्या चायखान्यांत पोचवत आले. ते गेले आणि काम ह्यांच्याकडे आलं. पण हे रशियातून परतले ते बांधकामावरून पडून, खुबा मोडून. उजवा पाय वर उचलेना. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुन्हा पडलात तर हा खुबा सांधता येणार नाही."

म्हणून मी ह्यांना बाजाराच्या वेशीवर हिकमत उस्तांकडे नेलं. ते सायकली दुरुस्त करतात.

सासऱ्यांची सायकल उंच. ह्यांनी पाय उचलला, अर्ध्यावर अडला, दात आवळले गेले.

"उतरा, तुरसुनबोय," उस्ता म्हणाले. "तुमचे वडील हिच्यावर उंटावर चढल्यासारखे चढायचे. ही त्यांच्याच मापाची."

मग शर्यतीची काढली. तिच्यावरचा मापाचा आकडा लहान, पण हँडल इतकं खाली आणि लांब की हे भिंतीवरच्या पालीसारखे पसरले. डोंगरी सायकलचा दांडा मागे उतरता, त्यावरून पाय कसाबसा गेला. पण सगळा भार मनगटांवर, आणि रोट्यांची पेटी लादली की पुढचं चाक डुलायला लागलं.

"हिचा आणि बाबांच्या सायकलचा आकडा तर एकच आहे," हे म्हणाले.

"आकडा काय चाटायचाय? शिंप्याचा बेचाळीस वेगळा, चांभाराचा बेचाळीस वेगळा. सायकलच्या प्रत्येक जातीचं माप निराळं. माणूस बसवूनच बघावं लागतं."

शेवटी त्यांनी लेडीज सायकल पुढे केली. तिला मधला दांडा नाही, नळी खाली वाकलेली. पाय उचलायला नकोच, मधून सरकवायचा. सीट खाली घेतली. पाठ सरळ, कोपरं सैल, थांबलं की पाय मधून काढून सरळ उभं राहायचं.

"अंगावर शिवल्यासारखी बसली," मी म्हटलं.

"बायकांची आहे," हे पुटपुटले.

"खुब्याला ते ठाऊक नाही," उस्ता म्हणाले.

ह्यांनी ती घेतली. रोट्या वेळेवर जाऊ लागल्या. पण एके दिवशी जेवताना ह्यांनी शोरब्याची वाटी बाजूला सारली.

"चायखान्यातला तो सोबिर सगळ्यांसमोर ओरडला, 'आली का आमची सूनबाई? घुंगट सावर, वाकून सगळ्यांना सलाम कर!' सगळे हसले. मीही हसलो."

दोन-तीन दिवसांनी हे घरी आले तेव्हा सीटपासून हँडलपर्यंत एक नवी नळी जोडलेली होती. बसस्थानकाजवळच्या कुठल्याशा वेल्डरकडून. वरचा काळा रंग अजून ओला.

"अहो, आता पाय कसा काढाल?"

"अंगणातल्या तुतीच्या झाडाला टेकवून चढेन. चायखान्याच्या ओट्याला टेकवून उतरेन."

"आणि मध्येच थांबावं लागलं तर?"

"थांबणार नाही."

"उस्तांना दाखवा तरी एकदा."

"उस्ता चायखान्यात बसतात का? मला बसावं लागतं. तू तुझा तंदूर बघ."

रोज हे निघताना मी कुराणातली आयत म्हणून ह्यांच्या पाठीवर फुंकर घालायचे, तशी घालत राहिले. चायखान्यात आता ह्यांना कुणी सूनबाई म्हणेना. हे घरी शीळ घालत यायचे.

शुक्रवारी कालव्याच्या पुलावर टरबुजांची गाढवगाडी एकाएकी आडवी वळली. ह्यांनी ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी थांबली. सवयीनं पाय मधून काढायला गेले, तिथं दांडा. तसेच सायकलसकट उजव्या अंगावर कोसळले. मागून सोबिर येत होता. त्यानंच चायखान्यातली फळी आणवली आणि चौघांनी ह्यांना घरी आणलं. सोबिर दारात रडत होता, "वहिनी, मी थट्टा केली होती हो, नुसती थट्टा."

इस्पितळात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. खुब्याबरोबर मानेजवळचा कणाही मोडलाय; हे आता उठून बसणारसुद्धा नाहीत.

काल संध्याकाळी नमाजाआधी मी ओल्या फडक्यानं ह्यांचे हात पुसत होते. बऱ्याच दिवसांत हे आपणहून काही बोलले नव्हते.

"मी पडलो तेव्हा सोबिर जवळच होता ना?"

"होता."

"मग त्याला दांडा दिसला असेल. बायकांच्या सायकलवरून पडलो, असं कुणी म्हणणार नाही."

"दिसला," मी म्हटलं.

ह्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मान तेवढीच वळते.