उभं राहण्याची सवय

मी एक जुना वॉकर आहे, मित्रांनो. ज्यांचे पाय ऐकत नाहीत त्यांना मी आधार देतो. पण कोणी उचलून पुढे ठेवल्याशिवाय मला स्वतःला बोटभरही सरकता येत नाही. मला तोंडही नाही. ते नसल्याचं दुःख मला एका घरात फार सोसावं लागलं.

माझा जन्म बेंगळुरूतल्या यशवंतपूरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून कारागिरांनी मला चार पाय दिले. मी हलका होतो, चकचकीत होतो आणि मनातून फार उतावळा होतो. एके दिवशी शमिका नावाच्या मुलीने मला दुकानातून उचललं आणि मारतहळ्ळीच्या आपल्या घरी नेलं.

तिचे वडील श्रीकांतराव सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. हात बराचसा सावरला होता, पण उजवा पाय ओंडक्यासारखा पडून राही. शमिकाचा वडिलांवर जीव होता. ती ऑफिसला निघताना त्यांना मोबाईलवर जोशपूर्ण भाषणं लावून द्यायची. "बाबा, मनात आणलं ना, तर गणपतीपर्यंत तुम्ही गेटपर्यंत चालत जाल!" असं म्हणायची.

श्रीकांतरावांनी मनात आणलं. पहिल्याच आठवड्यात ते मला धरून थेट दाराकडे निघाले आणि मधेच कोसळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या दांडीवर टॉवेल वाळू लागले. मित्रांनो, चालण्यासाठी जन्मलेल्याला दोरी व्हावं लागलं, तर कसं वाटत असेल?

मग रक्षिता आली. ती व्यायामोपचार करणारी. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं, मराठीत कन्नड मिसळून बोलणारं. तिने टॉवेल काढून मला पुसलं आणि खुर्चीसमोर ठेवलं.

"अण्णा, आज चालायचं नाही. कुकरची शिट्टी झाली की स्वल्प, थोडंसंच उभं राहायचं, मग लगेच बसायचं. सरी? ठीक?"

"एवढंच?" श्रीकांतराव चिडून म्हणाले.

"एवढंच." मग ती श्रीकांतरावांच्या पत्नी हेमलताकाकूंकडे वळली. "अक्का, हे उभे राहिले की तुम्ही स्वयंपाकघरातून बघायचं. 'चांगलं' म्हणायचं."

शमिकाला तिने नीट समजावून सांगितलं. मेंदू नुसत्या उपदेशावर फार दिवस चालत नाही. त्याला एक ठरलेली खूण लागते, अगदी सोपं काम लागतं आणि काम होताच थोडासा आनंद लागतो. हे पुन्हा पुन्हा घडलं की मेंदूत वाट मळते. मग उत्साह असो वा नसो, शरीर त्या वाटेने जाऊ लागतं. सवय म्हणतात ती हीच.

शिट्टी वाजायची, श्रीकांतराव माझ्यावर भार टाकून उठायचे आणि आतून हेमलताकाकू मान काढून हसायच्या. "अहो, उभे राहिलात की!" पुढे शिट्टी वाजताच त्यांचे हात आपोआप माझ्याकडे येऊ लागले. मग एक पाऊल पडलं, मग दुसरं. एके दिवशी ते माझ्यासह स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. घरचे सगळे माझी वाहवा करू लागले. रक्षिताचं येणं हळूहळू थांबलं. आता तिची गरज काय, असं सर्वांना वाटलं. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस.

त्यानंतर घर बदललं. रोजच्या ट्रॅफिकने शमिका पिचून गेली होती, म्हणून सगळे ऑफिसजवळ बेळ्ळंदूरच्या एका उंच इमारतीत राहायला आले. घर मोठं, देखणं. स्वयंपाकाला बाई आल्या. स्वयंपाकघराला काचेचं जाड दार होतं आणि ते कायम बंद असायचं. कुकर आतल्या आत शिट्ट्या देई, बाहेर काहीच ऐकू येत नसे. हेमलताकाकूंचा चेहराही त्या वेळी दिसत नसे.

श्रीकांतराव उठेनासे झाले.

का, ते कोणालाच कळेना; रक्षिताचं सांगणं घर बदलण्याच्या धांदलीत सगळे विसरले होते. त्यांना स्वतःलाही कळेना. मला मात्र कळत होतं! खूण हरवली होती, हसू हरवलं होतं, मळलेली वाट बुजत चालली होती. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. ते दार उघडा, एवढंच मला सांगायचं होतं. पण माझ्या पोकळ नळ्यांतून आवाज निघेना. त्यांचा पाय माझ्या डोळ्यांदेखत काडीसारखा वाळत गेला. पडून पडून पाठीला जखम झाली.

"बाबा, तुमची इच्छाशक्तीच कमी पडते," शमिका एकदा रडत म्हणाली.

श्रीकांतरावांना ते खरं वाटलं. ती गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "हेमा, मी संपलो गं. हा वॉकर देऊन टाक कोणाला तरी."

हेमलताकाकूंनी मला उचललं. दारापर्यंत नेलं. तिथे मला धरून त्या कितीतरी वेळ रडल्या आणि मग त्यांनी रक्षिताला फोन लावला.

रक्षिता आली. पाय तपासताना तिचा चेहरा उतरला. "अण्णा, गेलेली ताकद सगळी परत येईल असं मी म्हणणार नाही. पण तुमची इच्छा कमी पडली नाही. घर बदललं की सवय तुटते; कोणाचीही तुटते. मला सांगा, या घरात तुम्ही रोज कशाची वाट बघता?"

श्रीकांतरावांनी बाहेरच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "शमिका घरी येते... तिच्या बेलची."

त्या संध्याकाळी बेल वाजली. रक्षिता आणि हेमलताकाकू, दोघींनी त्यांना काखेत धरून उचललं. त्यांनी माझ्या दांड्या घट्ट धरल्या. स्वयंपाकाच्या बाईंनी दार उघडलं. शमिका बॅग खांद्यावर तशीच ठेवून बघत राहिली. क्षणभरातच त्यांचा पाय मुडपला आणि ते खुर्चीत कोसळले. शमिका त्यांच्या पायांशी बसली. "माझं चुकलं, बाबा," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या जवळचं कोणी खचून बसलं, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याची कोणती खूण हरवली ते शोधा, काम त्याला झेपेल एवढं लहान करा आणि ते झालं की तिथेच हसून दाखवा. उशीर मात्र करू नका. उशिराची भरपाई मलाही करता येत नाही.

या घरात श्रीकांतरावांनी अजून एकही पाऊल टाकलेलं नाही. कदाचित टाकणारही नाहीत. पण आता संध्याकाळ होते आहे, बेल अजून वाजलेली नाही, आणि त्यांचे दोन्ही हात केव्हाचे माझ्यावर आहेत.