टाचणीबाईंच्या दाराची मूठ

मित्रांनो, हात ठेवता तो माझ्यावर आणि कौतुक करता ते दाराचं. असू दे, सवय झाली आहे. मी दाराची मूठ, अस्सल पितळेची. वय वर्षं चाळीस. आज दाराला जरा गप्प बसू दे आणि माझं ऐका.

वाळूच्या साच्यात वितळलेलं पितळ ओतलं आणि मी जन्मले. थंड होताना पोटाशी एक बारीक छिद्र राहून गेलं. कारखानदार म्हणाला, "ही बाद." पण ओतकाम करणाऱ्या एका कामगाराने मला कानशीने गुळगुळीत केलं आणि आपल्या नव्या घरासाठी मागून घेतलं. त्याच्या बायकोने मला उलटंपालटं करून बघितलं. म्हणाली, "नवऱ्यातली खोट चालवून घेतली, मुठीतली काय मोठीशी!"

ही बाई कपडे शिवायची. तोंडात टाचण्या धरूनच बोलायची आणि बोलणंही तसंच टोचायचं. गल्लीने तिचं नाव टाचणीबाई ठेवलं. पण तिने शिवलेली शिवण कधी उसवली नाही. उरलेलं कापड, अगदी चार बोटांची चिंधीसुद्धा, घडी घालून गिऱ्हाइकाला परत जायचं.

किती हात लागले मला! मुलांचे चिकट, गिऱ्हाइकांचे घाईचे, कामावरून आलेल्या घरधन्याचे खरखरीत. घरधनी गेले त्या दिवशी दार दिवसभर उघडंच राहिलं. त्या दिवशी मला कुणी हात लावला नाही.

वर्षातून एकदा टाचणीबाई माझे चारही स्क्रू काढून मला खाली उतरवायच्या आणि लिंबू-मिठाने घासायच्या. दारावरच घासलं तर रंगाला डाग पडतात, हा त्यांचा हिशेब. पुढे गुडघे धरले, जिना चढवेना. दोन वर्षं माझी घासणी चुकली आणि मी काळवंडले. बाईंनी घर विकायचं आणि लेकीकडे राहायला जायचं ठरवलं.

घर घेणारी एक नर्स होती. व्यवहाराच्या दिवशी सकाळी ती आणि तिचा मोठा भाऊ घर शेवटचं बघायला येणार होते. मग अकरा वाजता सरकारी कचेरीत सह्या, तिथेच किल्ल्या द्यायच्या. बाईंनी पहाटेपासून फरशी पुसली, खिडक्यांचे गज पुसले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

"अशा तोंडाने जातेस होय नव्या माणसांपुढे?" म्हणाल्या आणि मला उतरवून चकाचक केलं. फडक्यात गुंडाळून, स्क्रूंसकट, शिवणयंत्राच्या खणात ठेवलं. हात धुऊन येते आणि लावते, एवढाच बेत. तेवढ्यात सामानाचा टेम्पो आला. हमालांनी पहिलं शिवणयंत्रच उचललं आणि टेम्पोत पार आत ढकललं. त्यावर पलंग आला, कपाट आलं, ट्रंका आल्या. "हळू रे, ते कपाट आहे, वैरी नाही!" असं ओरडण्यात बाई मला साफ विसरल्या.

घर पहिल्याच मजल्यावर आणि खिडक्या सताड उघड्या, त्यामुळे खालच्या टेम्पोत, खणातूनही मला सगळं ऐकू येत होतं. नर्सने स्वयंपाकघरातले नळ सोडून बघितले, दिवे लावून बघितले, मीटरचा आकडा लिहून घेतला. सगळं ठीक. मग भावाचा आवाज आला.

"मावशी, दाराची मूठ कुठे गेली? नुसती चार भोकं दिसतायत. दाराला लावलेली वस्तू घराबरोबर येते, माहीत आहे ना? मूठ काढली, म्हणजे आणखी काय काय काढलंय ते बघायला हवं."

मित्रांनो, ओरडता आलं असतं तर मी टेम्पो हादरवला असता.

"दादा, असं काय बोलतोस?" नर्स पुटपुटली.

बाईंना न्यायला आलेली लेक म्हणाली, "आई, आठव ना कुठे ठेवलीस. नाहीतर नवी आणून देऊ."

घराचा सौदा जमवणारा दलाल म्हणाला, "मावशी, अकराची वेळ चुकली तर पुढची तारीख आठवड्याने मिळेल. मुठीसाठी कशाला अडता?"

"आठवड्याने तर आठवड्याने," टाचणीबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं लोकांच्या चिंध्या परत केल्या मी. जाता जाता चोर ठरून सही करू? मूठ सामानातच गेली असणार. टेम्पो रिकामा करा."

"सगळा?" हमाल किंचाळला.

"नाही, अर्धा! मूठ उरलेल्या अर्ध्यात निघाली तर तुझं नाक लावते दाराला!"

ट्रंका उतरल्या. कपाट उतरलं. भर रस्त्यात बाईंचा संसार मांडला गेला आणि गल्ली गोळा झाली. बाई ताठ उभ्या होत्या. पलंग अडला तेव्हा नर्सने बाह्या सरसावल्या. "मावशी, हे टोक मी धरते." भाऊही पुढे होऊन दुसऱ्या टोकाला गेला.

शेवटी शिवणयंत्र दिसलं आणि बाईंनी कपाळावर हात मारला. खण उघडला, फडकं सुटलं आणि उन्हात मी अशी लखलखले की हमालाने डोळे मिटले.

बाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. दुखरा गुडघा टेकून चारही स्क्रू स्वतः पिळले. "ओढून बघा."

भावाने मला धरून ओढलं. त्याचा तळवा घामाने ओला होता. "चुकलं मावशी."

"विसरले ती चूक माझी. पण तुमच्या जिभेलाही थोडं लिंबू-मीठ लागेल हो. चला, पावणेअकरा झाले!"

हमाल खाली सामान पुन्हा भरू लागले आणि बाकी सगळे कचेरीकडे गेले. रिकाम्या घराच्या दारावर मी एकटी. वेळेवर पोचले असतील का? सह्या झाल्या असतील का?

दुपारी किल्ली फिरली. नर्सने मला अलगद धरलं आणि बहीणभाऊ आत गेले. थोड्या वेळाने जिन्यावर सावकाश पावलं वाजली. चाळीस वर्षांची ओळखीची पावलं! आता तो हात येणार म्हणून मी वाट बघत राहिले. हात आला नाही. दार अर्धं उघडं होतं, तरी टाचणीबाईंनी फळीवर बोटाने टकटक केली.

"येऊ का आत?"

भाऊ धावत आला. "मावशी, विचारता काय? घर तुमचंच..."

"माझं नाही आता. सही केलीय, चांगली ठसठशीत. मोरीतला नळ उलटा फिरतो, ते सांगायचं राहिलं होतं."

त्याने मला धरून दार सताड उघडलं आणि अंग चोरून बाजूला उभा राहिला. "या, मावशी."

बाईंना त्या घराची मालकीण म्हणून मी चाळीस वर्षं पाहिलं. पण त्या उंबऱ्यावर परवानगी मागत उभ्या राहिल्या, तेव्हा मला त्या सर्वांत उंच वाटल्या.

मित्रांनो, घर सोडाल तेव्हा असं सोडा की मागून येणाऱ्याला पुसायला काही उरू नये, आणि विचारायलाही. पितळ असेल तर घासा, खुशाल उतरवून घासा. पण घासून झालं की आधी जागेवर लावा आणि मगच टेम्पो बोलवा.