उजवा गुडघा किती वाकला

बाजारात मासळी विकणाऱ्या चंद्रिकाबाईंचा उजवा गुडघा बदलून सव्वीस दिवस झाले, तेव्हा कुठे भाविनी डहाणूहून स्कूटरवर चिंचणीला आली. भाविनी फिजिओथेरपिस्ट. हॉस्पिटलातून घरी सोडतानाच डॉक्टरांनी तिचा नंबर दिला होता, पण दुखणं जरा कमी होऊ दे म्हणत चंद्रिकाबाईंनी तीन आठवडे काढले. शेवटी सून दक्षाने त्यांना न विचारता फोन लावला.

भाविनीने पिशवीतून कोन मोजायचं, प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांचं साधन काढलं, गुडघ्याला लावलं आणि पाय हळूहळू वाकवत नेला.

"पासष्ट," ती म्हणाली.

चंद्रिकाबाईंना बरं वाटलं. स्वतःची शाळा चौथीतच सुटली होती, पण पासष्ट म्हणजे पहिला वर्ग, हे मुलाच्या निकालांवरून त्यांना ठाऊक होतं.

"म्हणजे चांगलं चाललंय."

"नाही मावशी. एव्हाना नव्वदच्या जवळ यायला पाहिजे होतं."

"शंभरातले?"

भाविनीला आधी कळेना त्या काय विचारतायत. मग तिने पट्ट्या हातात धरून दाखवल्या. पाय पूर्ण सरळ असला की शून्य. खुर्चीत बसल्यावर पाय खाली सुटतो तो नव्वद. "आणि तुमचा सरळ पण होत नाही नीट. बारा राहतायत. तिथे शून्य आणायचा."

एका बाजूला शून्य चांगला, दुसऱ्या बाजूला नव्वद. चंद्रिकाबाईंनी मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नाही.

"ही उशी गुडघ्याखाली कोणी ठेवली?"

"जयश्रीने. माझी जाऊ. तिचापण गुडघा बदललाय, दोन वर्षं झाली."

"उशी काढा. बरी वाटते, पण पाय तसाच वाकडा राहून जाईल."

भाविनीने शिकवलेला व्यायाम असा: पलंगावर बसून टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घ्यायची आणि टाच घसरवत आपल्याकडे ओढायची. दिवसातून चार वेळा. पहिल्याच दिवशी चंद्रिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गुडघा सुजून गरम झाला. दक्षाने मासळीच्या खोक्यातला बर्फ फोडून, टॉवेलात गुंडाळून त्यावर ठेवला.

दुपारी जयश्री आली. "वहिनी, दुखतंय ते ऐकायचं. आतलं काही सरकलं म्हणजे? मी तर दोन महिने पाय हलवला नाही."

"पण भाविनी म्हणते थोडं दुखणारच."

"ती पोर आहे. तिचा गुडघा कुठे कापलाय?"

ते चंद्रिकाबाईंना पटलं. पण जयश्री अजूनही पाय लांब टाकूनच बसते, एसटीत चढताना दुसऱ्याचा हात धरते, हेही त्यांनी पाहिलं होतं. भाविनीचं खरं मानलं तर गुडघा दुखायचा. जयश्रीचं मानलं तर दुखायचा थांबायचा, आणि दुसऱ्या दिवशी लाकडासारखा व्हायचा. मग त्या एक दिवस व्यायाम करायच्या, एक दिवस उशी घ्यायच्या.

सहाव्या आठवड्यात दक्षा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. बहात्तर भरले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अजून पंधरा दिवस बघू. नव्वद नाही आले तर भूल देऊन आम्हालाच वाकवावा लागेल."

 परतताना रिक्षात, वरोर गाव मागे पडल्यावर चंद्रिकाबाई म्हणाल्या, "मी झोपेत असताना माझा पाय मोडणार म्हणजे?"

"मोडणार नाहीत, आई. वाकवणार."

"मग जागेपणी का वाकत नाही तो? मी काय मुद्दाम धरून ठेवलाय?"



त्या दिवसापासून उशी माळ्यावर गेली. चंद्रिकाबाई दात आवळून टाच ओढायच्या. चार वेळांऐवजी सहा वेळा केलं, तर गुडघा असा फुगला की दोन दिवस काहीच करता आलं नाही. कमी केलं तरी अडतो, जास्त केलं तरी अडतो. हा पाय आपलाच आहे की डॉक्टरांनी दुसऱ्याचा लावलाय, असं त्यांच्या मनात येऊन जायचं.

एका सकाळी दक्षाने त्यांच्यापुढे करंदीची, बारीक कोळंबीची, टोपली ठेवली. "आई, बसल्या बसल्या एवढी सोलून द्या."

बऱ्याच दिवसांनी हातात काम आलं. चंद्रिकाबाई खुर्चीत बसून सोलायला लागल्या. नवऱ्याला, सुदामला, त्या सांगत होत्या की दुकानातला पोरगा बर्फ बारीक देतो, लगेच पाणी होतं. सुदाम हो ला हो म्हणत होता. दक्षा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. सासूबाईंचा उजवा पाय खुर्चीखाली मागे गेला होता.

"आई, हलू नका."

चंद्रिकाबाईंनी खाली पाहिलं. पाहिल्याबरोबर मांडी आवळली गेली आणि पाय सरकून पुढे आला.

भाविनीला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. तिने त्यांच्या मांडीवर हात ठेवला. "आता वाकवा. बघा, पाय हलायच्या आधीच इथे घट्ट झालं. दुखेल म्हणून तुम्ही आधीच अडवून धरता."

"मी नाही धरत."

"तुम्हाला कळत नाही. करंदी सोलताना विसरलात, म्हणून सुटला."

"म्हणजे विसरायचं?"

"पाय वाकवायचाच, पण श्वास सोडत. आणि तेव्हा बोलत राहायचं."

लक्ष द्यायचं आणि द्यायचंही नाही, दोन्ही एकदम. चंद्रिकाबाईंनी समजून घ्यायचा नाद सोडला. टोपली घेऊन बसायच्या, बाजारातल्या गोष्टी सांगायच्या आणि बोलता बोलता टाच मागे न्यायच्या. शहात्तर. त्र्याऐंशी. मग चार दिवस त्र्याऐंशीच. पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी मोजले तेव्हा त्र्याण्णव होते. भूल द्यायची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. तिसरा महिना संपता संपता गुडघा एकशे आठपर्यंत गेला, आणि सरळ केल्यावर जेमतेम दोन राहिले.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता जिने चढा, चाला. फक्त उकिडवं बसायचं नाही. जमिनीवर मांडी घालायची नाही."

चंद्रिकाबाई म्हणाल्या, "मी बाजारात पाटावर बसते डॉक्टर, चाळीस वर्षं. वाकवा वाकवा म्हणत होतात, ते कशासाठी मग?"

"चालण्यासाठी. खुर्चीतून उठण्यासाठी."

"असं होय," त्या म्हणाल्या. हे आधी कोणी का सांगितलं नाही, की सांगितलं होतं आणि आपल्यालाच कळलं नाही, हे त्यांना आठवेना.

सुदामने जुन्या होडीच्या फळ्यांचं कमरेएवढं टेबल ठोकून दिलं. त्यावर टब, मागे प्लास्टिकचं उंच स्टूल. पहिल्या दिवशी चंद्रिकाबाई स्टुलावर अवघडून बसल्या. बाकीच्या बायका खाली होत्या, त्यांच्याशी बोलायला मान वाकवावी लागत होती. कुठे बघावं, हात कुठे ठेवावेत, काही सुचत नव्हतं.

एक बाई समोर थांबली. "ताजे आहेत का बोंबील?"

"सकाळचे आहेत. हात लावून बघ." चंद्रिकाबाई स्टुलावरून उतरल्या. गुडघा कुरकुरला, पण पाय जमिनीवर नीट टेकला. त्यांनी टबातले बोंबील वर करून दाखवले.